थुंकून टाकलेली बी

ताईनं बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "वाच जरा. तुला कळतं यातलं."

मला यातलं काय कळतं? रसायनशास्त्राची पदवी घेतली त्याला पस्तीस वर्षं झाली. त्यानंतरचा सगळा काळ दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराची प्रुफं तपासण्यात गेला. पण ताईच्या हिशेबात धाकटी बहीण एकदा हुशार ठरली की जन्मभर हुशार. शिवाय प्रुफं तपासणाऱ्याला एक खोड लागते. बाटली, पाकीट, पत्रक, काहीही हातात आलं की आधी चुका शोधायच्या आणि मग मजकूर वाचायचा. या बाटलीवर शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. म्हणजे माल तयार करण्यात कसर असेल-नसेल, लेबलावर खर्च झालेला होता.

'द्राक्षबियांचा अर्क. 95 टक्के प्रोअँथोसायनिडिन्स. शक्तिशाली अँटिऑक्सिडंट.' आणि एका सोनेरी वर्तुळात: 'व्हिटॅमिन सीपेक्षा 20 पट, व्हिटॅमिन ईपेक्षा 50 पट प्रभावी.'

"कशासाठी घेतेस?"

"पायांसाठी गं. संध्याकाळी सुजतात ना. आणि एकूणच चांगलं असतं म्हणे."

ते 'एकूणच' मला खटकलं. सोनेरी वर्तुळातलं 'प्रभावी'ही खटकलं. कशात प्रभावी? वाक्यात विशेषण लटकत ठेवलं की मी समासात प्रश्नचिन्ह काढते. इथे समास नव्हता, म्हणून घरी येऊन वाचत बसले.

वाचण्याआधी एक गोष्ट केली. बी असलेली द्राक्षं शोधून आणली आणि एक बी दाढेखाली धरून चक्क फोडली. शोधावी लागली, कारण बहुतेक द्राक्षं आता बिनबियांची. त्यांच्यात परागण होतं, फलनही होतं, पण बी धरायला लागल्यावर लवकरच तिची वाढ खुंटते आणि गरात एक मऊ खूण तेवढी उरते. अशा वेलीला बीपासून संतती नाही. माणूस छाटकलमं लावत जातो आणि तिचा वंश चालतो. शतकानुशतकं आपण या फळातली बी हुसकून लावण्याच्या खटपटीत होतो. आता तीच बी वाळवून, दळून, पाण्यात किंवा अल्कोहोलमिश्रित पाण्यात भिजवून तिचा अर्क काढायचा, त्याची तांबूस भुकटी कॅप्सूलमध्ये भरायची, आणि ती पाण्याबरोबर गिळायची. पूर्वी द्राक्षाबरोबर चुकून गिळली गेली तर आपण घाबरत होतो.

बी फुटली आणि तोंड आवळून आलं. आधी किंचित कडू, मग जीभ टाळूला घासायला लागली, जणू तोंडातलं वंगण कोणी पुसून नेलंय. तुरट. पाश्चात्त्य शास्त्राच्या चवींच्या यादीत तुरट बसत नाही. ती चव नव्हे, तो स्पर्श, असं तिथे मानतात. आपल्याकडे कषाय हा सहा रसांपैकी एक. मला दोन्ही पटतं. लाळेत प्रोलिन नावाच्या अमिनो आम्लानं समृद्ध अशी प्रथिनं असतात, ती तोंड बुळबुळीत ठेवतात. बीमधली टॅनिन्स या प्रथिनांना चिकटतात, त्यांचा साका होतो आणि वंगण नाहीसं होतं. कातडं कमावतानाही हाच प्रकार. झाडांच्या सालींतली टॅनिन्स कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाला घट्ट धरतात, मग ते कुजत नाही. आपण बी चावतो तेव्हा क्षणभर आपलं तोंड कमावलं जातं म्हणायला हरकत नाही.

वेलीच्या बाजूनं पाहिलं तर हा बंदोबस्त चोख आहे. गर गोड, तो पक्ष्यासाठी. पक्ष्यानं तो खावा, बी न फोडता गिळावी आणि दूर कुठेतरी टाकावी. जो बी चावेल त्याला तुरट चपराक. बुरशी आणि किडे यांच्यासाठीही तोच पहारा. फळ कोवळं असताना बी हिरवी असते, तिचा तुरटपणा जहाल असतो. पिकताना ती तपकिरी आणि टणक होते, टॅनिन्सचे रेणू एकमेकांत गुंततात, आणि मग ते तोंडात पूर्वीइतके सहज सुटत नाहीत. वाइन करणारी मंडळी तोडणीची वेळ ठरवताना बागेत उभं राहून बिया चावून बघतात ती त्यासाठी. द्राक्षातल्या पॉलिफेनॉल्सचा, म्हणजे टॅनिन्स ज्या कुळातली त्या संयुगांचा, निम्म्याहून मोठा वाटा या बियांत असतो, गरात अगदी थोडा. आणि वाइनसाठी रस काढून झाल्यावर सालं, देठ आणि बिया यांचा जो चोथा उरतो तो डोंगराएवढा. ज्याची विल्हेवाट लावायला खर्च येत होता, त्याचं औषध झालं. मला यात वाईट काही वाटत नाही, उलट काटकसर म्हणून आवडतं. फक्त हे लक्षात राहावं की वेलीनं यातलं काहीही आपल्या पायांच्या सुजेसाठी केलेलं नाही.

या रेणूंचं घराणं पाहताना एका शब्दाशी अडखळले. मूळ घटक कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन. हे दोन-चार-पाचच्या साखळीत जोडले गेले की प्रोअँथोसायनिडिन्स, बियांतली टॅनिन्स ती हीच. कॅटेचिन हे नाव कॅटेच्यूवरून आलं, आणि कॅटेच्यू म्हणजे कात. खैराचं लाकूड उकळून काढतात तो. इतकं अनोळखी वाटणारं नाव, आणि आत कात बसलेला! दुसरं नाव त्याहून गंमतीदार. ग्रीकमध्ये अँथोस म्हणजे फूल, क्यानोस म्हणजे निळा, आणि 'प्रो' म्हणजे त्याच्या आधीचा. हे पदार्थ स्वतः जवळपास रंगहीन, पण आम्लात उकळले की साखळी तुटते आणि रंगद्रव्य तयार होतं. तेही लाल. नावात निळं फूल, भांड्यात लाल रंग. पदवीच्या वर्गात हे कोणी सांगितलं असतं तर मी कदाचित प्रुफांकडे वळलेच नसते.

या अर्काच्या मागचा माणूस फ्रेंच होता, बोर्दोचा जाक मास्केलिए. आणि त्याची सुरुवात द्राक्षापासून झालीच नाही. ती झाली शेंगदाण्यापासून. 1940 च्या दशकाच्या अखेरीस, तो तरुण संशोधक असताना, दाण्यावरचं ते तांबूस फोलपट जनावरांच्या खाद्यात गेलं तर अपाय करतं का, असा प्रश्न त्याच्यापुढे होता. हातावर दाणे चोळून फुंकर मारली की उडून जातं ते फोलपट. त्यानं ते तपासलं. अपाय दिसला नाही, पण एक रंगहीन पदार्थ हाती लागला आणि तो रक्तवाहिन्यांच्या भिंती बळकट करतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत आढळलं. त्याच्या वरिष्ठांच्या पत्नी गरोदर होत्या, पाय सुजले होते, त्यांनी हा अर्क घेतला आणि दोन दिवसांत आराम पडला, अशी कथा सांगितली जाते. कथा म्हणून ठीक आहे. एका बाईचे पाय हा पुरावा होत नाही. ताईला मात्र मी ती सांगितली नाही, कारण तिला तेवढा पुरावा पुरला असता.

मग मास्केलिए पाइनच्या सालीकडे वळला. त्यामागे आणखी एक जुनी हकिगत होती. 1535-36 च्या हिवाळ्यात झाक कार्तिए हा दर्यावर्दी आज क्वेबेक म्हणतात त्या भागात बर्फात अडकला. स्कर्व्हीनं, म्हणजे व्हिटॅमिन सी न मिळाल्यानं होणाऱ्या रोगानं, माणसं पटापट मरू लागली, पंचवीसच्या आसपास गेली. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी दोमागाया नावाच्या माणसानं एका झाडाची पानं आणि साल उकळून प्यायला सांगितलं, आणि उरलेले वाचले. वाचवलं ते बहुधा पानांतल्या व्हिटॅमिन सीनं. पण साल का, हा प्रश्न मास्केलिएला छळत राहिला. सालीतून तो शेवटी द्राक्षबीपर्यंत आला. बोर्दोमध्ये द्राक्षबियांना काय तोटा!

इथपर्यंत सगळं रक्तवाहिन्यांबद्दल चाललं होतं. सूज, शिरा, केशिकांतून होणारी गळती. फ्रान्समध्ये द्राक्षबीचं औषध आलं तेही शिरांच्या तक्रारींवर. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द नंतर येऊन चिकटला, आणि एकदा चिकटल्यावर त्यानं बाकीचं सगळं झाकून टाकलं. 1987 मध्ये मास्केलिएला अमेरिकेत जे पेटंट मिळालं त्याच्या शीर्षकातच फ्री रॅडिकल गिळण्याचा गुण आहे.

अँटिऑक्सिडंट हा शब्द मुळात माणसांसाठी नव्हता. रबर चिरू नये, इंधनात डिंक धरू नये, तेल खवट होऊ नये म्हणून जे घालायचं ते अँटिऑक्सिडंट. डेनहॅम हार्मन हा आधी तेलकंपनीत रसायनतज्ज्ञ होता, मग वैद्यकाकडे वळला. 1954 मध्ये त्याला सुचलं आणि 1956 मध्ये त्यानं मांडलं की शरीरही असंच खवट होत असेल. पेशी श्वसन करतात त्यात फ्री रॅडिकल्स निघतात, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन हिंडणारे रेणू. ते दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओरबाडतात, आणि आपण म्हातारे होतो. कल्पना सुरेख आहे. तिच्यातून निघालेला उपाय त्याहून सोपा: इलेक्ट्रॉन उदारपणे देणारं काहीतरी गिळा.

परीक्षानळीत द्राक्षबीचा अर्क खरोखर उदार असतो. सोनेरी वर्तुळातले 20 आणि 50 तिथूनच आलेले आहेत. पण माणसांवर हा सोपा उपाय करून पाहिला तेव्हा काय झालं? 1994 मध्ये फिनलंडमधल्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीचे निकाल आले. रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं ते अँटिऑक्सिडंट, घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. जास्त! दोन वर्षांनी अमेरिकेतली 18,314 जणांची तशीच चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे बीटा कॅरोटीनबरोबर व्हिटॅमिन ए दिलं होतं आणि वाढ 28 टक्के होती. हा ठपका द्राक्षबीवर नाही, ती त्या चाचण्यांत नव्हतीच. ठपका त्या शब्दावर आहे. 'अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे चांगलंच' या वाक्यातला स्वल्पविराम तिथे उखडला गेला.

2009 मधला एक छोटा प्रयोग मला या मोठ्या चाचण्यांहून जास्त आवडला. तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना बरोबर व्हिटॅमिन सी आणि ई दिलं. व्यायामानं इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो. तो सुधारला, पण गोळ्या न घेणाऱ्यांतच. व्यायामात निघणारी फ्री रॅडिकल्स हा स्नायूंना दिलेला निरोप असतो. गोळ्यांनी निरोप्यालाच दारात अडवलं.

आणि द्राक्षबीचे रेणू रक्तापर्यंत पोचतात तरी किती? एकटा कॅटेचिन थोडाफार शोषला जातो, दोनची जोडी त्याहून कमी, लांब साखळ्या जवळजवळ नाहीच. त्या थेट मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात, आणि रक्तात येतात ते मुख्यतः हे तुकडे. म्हणजे बाटलीवर नाव एकाचं आणि रक्तात हजर दुसराच. त्यातही प्रमाण लिटरमागे मोजक्याच मायक्रोमोलच्या घरात. आपल्या रक्तात आधीच एक अँटिऑक्सिडंट लिटरमागे 200 ते 400 मायक्रोमोल इतका असतो, युरिक ॲसिड, गाउट नावाच्या संधिवातात सांध्यांत खडे करणारं तेच. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते हे कौतुकानं मोजलं गेलं होतं. नंतर शोध घेतला तर ती वाढ सफरचंदातल्या पॉलिफेनॉल्सची नव्हती. फळातल्या फ्रुक्टोज या साखरेनं युरिक ॲसिड वाढवलं होतं, ती त्याची! फळांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीचे आकडे छापणारी एक मोठी सरकारी सूची अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2012 मध्ये मागे घेतली. परीक्षानळीतल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लावता येत नाही, असं कारण दिलं. बाटल्यांवरची सोनेरी वर्तुळं कोणी मागे घेतली नाहीत.

मग हे काहीच करत नाही का? तसंही म्हणता येत नाही, आणि इथे मला थोडं थांबावं लागलं, कारण मी एव्हाना ताईची बाटली फेकून देण्याच्या तयारीत होते. 2011 मध्ये नऊ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, मिळून 390 माणसं. वरचा रक्तदाब सरासरी दीड अंकानं उतरला, चरबीच्या आकड्यांत फरक नाही. 2016 मध्ये सोळा चाचण्या एकत्र केल्या तेव्हा उतार सहा अंकांपर्यंत दिसला, तरुण आणि स्थूल माणसांत जास्त. चाचण्या लहान, एकमेकींशी न जुळणाऱ्या. तरी काहीतरी आहे. आणि जे आहे त्याचं कारण बहुधा इलेक्ट्रॉनांचं दान हे नव्हेच. रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं आणि वाहिनी सैल होते, असं मानतात. म्हणजे फिरून मास्केलिएच्या जागी आलो, रक्तवाहिनीच्या भिंतीशी. जो गुण थोडाफार खरा असावा तो लेबलावर नाही, आणि लेबलावर जो ठळक आहे त्याचा आधार परीक्षानळी.

रात्री साडेनऊला मी ताईला फोन केला.

"तू त्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या अजून घेतेस?"

"व्हिटॅमिन सी? घेते की. दोन्ही सकाळी बरोबरच घेते, विसरायला नको."

2005 मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी नुकतीच माझ्या वाचनात आली होती. उच्च रक्तदाबाचे 69 रुग्ण, सहा आठवडे. काहींना रोज 500 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, काहींना 1000 मिलिग्रॅम द्राक्षबीची पॉलिफेनॉल्स, काहींना दोन्ही, काहींना नुसती लटकी गोळी. नुसत्या व्हिटॅमिन सीनं वरचा रक्तदाब किंचित उतरला. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचा मात्र 4.8 अंकांनी चढला. दोन गुणी पदार्थ, आणि जोडीनं आल्यावर भांडण. का, ते त्या चाचणीतून उलगडलं नाही. ताईच्या कॅप्सूलमधला डोस त्याहून पुष्कळ कमी होता, पण रक्तदाबाची गोळी ती बारा वर्षं घेतेय.

"परवा किती आलं होतं बी.पी.?"

"थोडं वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा."

"त्यांना या बाटलीबद्दल सांगितलंस?"

"ते औषध थोडंच आहे!"

हे वाक्य जगातल्या प्रत्येक दवाखान्याच्या दारात रोज गिळलं जात असेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, एखादी शस्त्रक्रिया किंवा दात काढणं ठरलेलं असलं, तर हा अर्क घेतो हे सांगायलाच हवं. जेवणाबरोबर घेतला तर जेवणातलं लोहही हा अडवून धरू शकतो. टॅनिनच ते, प्रथिनांना धरतं तसं लोहालाही धरतं. ताईला मी एवढंच म्हटलं, की दोन्ही बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे ने. तिनं नेल्या. त्यांनी दोन्ही बंद करायला सांगून महिन्यानं बोलावलं. महिन्यानं बी.पी. उतरलं होतं, पण या काळात तिनं मीठही कमी केलं होतं, म्हणून मी त्यातून काही निष्कर्ष काढत नाही. ती काढते.

राहिला 95 टक्क्यांचा प्रश्न. हा मला सगळ्यात जास्त छळत होता, कारण आकडा दशांशाशिवाय इतका गुळगुळीत असला की प्रुफवाचकाला संशय येतोच. असे अर्क मोजायची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे फोलिन-सिओकाल्टू नावाचं द्रावण घालायचं आणि निळा रंग किती येतो ते बघायचं. ते द्रावण इलेक्ट्रॉन देणाऱ्या कशालाही भुलतं. व्हिटॅमिन सीलाही. देणारा कोण, हे ते विचारत नाही. 2015 मध्ये संशोधकांनी द्राक्षबी अर्क म्हणून विकली जाणारी 21 उत्पादनं बारकाईनं तपासली. सहांमध्ये द्राक्षबीचा मागमूस नव्हता. त्यांत होतं मुख्यतः शेंगदाण्याचं फोलपट.

हे वाचून मी खुर्चीत मागे टेकून हसले. साठ-सत्तर वर्षांत चक्र पुरं झालं होतं. मास्केलिएनं जिथून सुरुवात केली ते फोलपट द्राक्षाचं नाव लावून परत आलं होतं! नंतर हसू ओसरलं, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला माणूस ही बाटली निर्धास्तपणे उघडणार. दोन्हींमधला फरक आहे तो साखळीच्या जोडात. द्राक्षबीत कॅटेचिनचे रेणू एकाच बंधानं जोडलेले असतात, त्याला इंग्रजी अक्षरावरून 'B' प्रकार म्हणतात. फोलपटात कित्येक ठिकाणी दोन बंध असतात, तो 'A' प्रकार. जिभेला हे कळणार नाही, फोलिनच्या द्रावणालाही नाही. त्याला मोठं यंत्र लागतं.

ताईची मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला मी सगळी कथा सांगितली, तर ती म्हणाली, "मावशी, मोठं यंत्र मला कोणी हात लावू देणार नाही. पण लाल रंगाची टेस्ट करून बघते." ती जुनी, पुस्तकातली परीक्षा: ब्युटेनॉल, हायड्रोक्लोरिक आम्ल, चिमूटभर लोहाचा क्षार, आणि पाऊणएक तास गरम पाण्यात. बाटलीतल्या उरलेल्या कॅप्सूलपैकी एक तिनं नेली. जाताना मी तिच्या हातात कागदाच्या पुडीत थोडी फोलपटंही दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोटो आला. लाकडी स्टँडमध्ये दोन परीक्षानळ्या, दोन्ही लालभडक. खाली तिनं विचारलं होतं, "मावशी, लेबल लावायला विसरले. यातली कॅप्सूल कुठली असेल?"